सकाळी सातचे पाहुणे

"पोहे नोको. रोजचं काय हाय तेच द्या."

हे वाक्य बाबूजी उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच म्हणत. घरात अजून कोणी पोह्यांचं नावही काढलेलं नसे. पण पाहुणा दारात दिसला की आपल्याकडे बाईचा हात आधी पोह्यांच्या डब्याकडे जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मलकापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दोन खोल्यांचं घर. एका कापसाच्या जिनिंगमध्ये लिखापढीचं काम करून निवृत्त झालेले, म्हणून बाबूजी. मूलबाळ नाही, बायको वारलेली. पांढरा शर्ट-पायजमा आणि काखेत छत्री, ऊन असो नसो. निवृत्तीनंतर त्यांनी एकच उद्योग धरला होता, तो म्हणजे लोकांच्या मुलींसाठी घरं पाहून येणं. स्थळं ते आणत नसत. स्थळ तुम्ही शोधायचं, बायोडाटा मोबाइलवर मागवायचा, पत्रिका बघायची तर बघायची. शेवटी मुलीचा बाप त्यांच्या दारी यायचा आणि म्हणायचा, "बाबूजी, तेवढं एकदा पाहून या." मग बाबूजी पहिल्या एसटीनं निघायचे आणि न कळवता त्या घरी सातच्या सुमारास हजर व्हायचे. गाव लांबचं असलं तर आदल्या दिवशीच जाऊन कुणा ओळखीच्याकडे मुक्काम करायचे.

"संध्याकाळी घर सजलेलं असते, दुपारी झोपलेलं असते," ते सांगत. "सकाळी ते सापडते. अन् पोहे तं साऱ्याइचे पिवळेच. त्यातनं काय कळते?"

घर किती खोल्यांचं आहे, दारात काय उभं आहे, याच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. भिंतीला टेकून बसायचे आणि न्याहारी बघायचे. आधी कोण बसतं, दात नसलेल्या म्हातारीला भाकर दुधात कुस्करून मिळते की तशीच पुढे सरकवली जाते, आणि घरातली सून कधी खाते. एका मोठ्या घरी पुरुषांना काजू घातलेला उपमा होता आणि थोरली सून दाराआड कालची भाकर मिठाशी मोडत होती. बाबूजींनी पाणी पिऊन निरोप घेतला. मुलीच्या बापाला म्हणाले, "ट्रॅक्टर दोन हायेत. ताटली मात्र एक कमी हाय." ते लग्न झालं नाही.

उलट वरवट बकालच्या एका लहान शेतकऱ्याकडे सासऱ्यानंच शिळी भाकर कुस्करली, तिच्यात तेल, तिखट आणि चिरलेला कांदा कालवला आणि पहिली ताटली सुनेपुढे ठेवली, कारण तिला अंगणवाडीत वेळेवर पोचायचं होतं. बाबूजींनी तिथे दोनदा पाणी मागितलं. खाणं मनापासून आवडलं की ते दुसऱ्यांदा पाणी मागत. तोंडानं मात्र कधी कुणाची तारीफ केली नाही.

त्यांच्या या पद्धतीचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. मोबाइलच्या दिवसांत बाबूजी बसमध्ये चढले की पुढच्या गावी बातमी पोचायची, "छत्रीवाले येऊन राह्यले!" वडनेर भोलजीला एका घरी त्यांनी पाहिलं, तर सगळं घर ओळीनं बसलेलं, सून सगळ्यांच्या आधी पाटावर, आणि मधोमध टोपलीत शिळ्या भाकरी. बाबूजींनी एक भाकर उचलून वाकवली. ती पोळीसारखी दुमडली. कालची ज्वारीची भाकर अशी दुमडत नाही, तिचे तुकडे पडतात. त्या लोकांनी पहाटे उठून ताज्या भाकरी थापल्या होत्या आणि पंख्याखाली ठेवून मुद्दाम शिळ्या केल्या होत्या!

हे मला सांगताना बाबूजींना हसू आवरत नव्हतं. "सर, शिळी भाकर करून दाखवाले मेहनत लागते बरं काय! मी त्या पोरीच्या बापाले म्हटलं, देऊन टाका. एवढे कष्ट घेणारं घर वाईट नसते." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती परीक्षा कडक घेतात, पण गुण देताना हात सैल सोडतात.

दर बुधवारी सकाळी ते आमच्याकडे येत. बुधवारी माझी शाळा दुपारची असे आणि आमच्याकडे धिरडी असत. ज्वारीच्या पिठाची, जाळीदार, सोबत लसणाची चटणी. ही आत तव्यापाशी, मुलगी गरम धिरडं बाहेर आणून द्यायची, आणि आम्ही दोघं शेजारी बसून गावभरच्या न्याहाऱ्यांची टिंगल करायचो. बाबूजी तीन धिरडी खायचे आणि दोनदा पाणी मागायचे. मला त्याचा अभिमान वाटे. हे असं नऊ-दहा वर्षं चाललं.

मग माझ्याच मुलीला स्थळ आलं. मुलगा नांदुऱ्याचा, नोकरी चांगली, आईवडील आणि तो एवढंच घर. मुलीलाही मुलगा पसंत होता. मला फक्त बाबूजींचा होकार हवा होता. त्यांनी मात्र टाळाटाळ सुरू केली. आज गुडघा दुखतो, उद्या एसटी नाही. शेवटी मी जरा रागावूनच म्हणालो, "साऱ्या जगाच्या पोरींची घरं पाहिली तुम्ही. माझ्याच पोरीचं काऊन नाही?"

दुसऱ्या दिवशी ते गेले. दुपारी उन्हातून परत आले ते थेट माझ्याकडे. मी पंखा लावला, पाणी दिलं.

"कसं हाय घर?" मी विचारलं.

"तुमच्यासारखंच हाय," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. बाबूजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "सर, वहिनी सकाळी काय खातात, ठाऊक हाय काय तुम्हाले?"

धिरडी खात असेल, असं म्हणणार होतो. पण तिला धिरडं खाताना मी पाहिलं होतं का? आठवेना.

"नऊ वर्षं येऊन राह्यलो. एकदा पाह्यलं नाही मी त्याइले खाताना," बाबूजी म्हणाले. "तिथंही तसंच. माणसं चांगली हायेत. पोरगा सोन्यासारखा. मी विचारलं, पोराची माय काय खाते सकाळी? तं बाप पेपरात अन् पोरगा मोबाइलमंधी. कोणाले सांगता आलं नाही. ती माय नुसती हसली."

त्यांनी छत्री मांडीवर घेतली. "माही बायको गेली, तं दहाव्याले नदीवर भटजीनं विचारलं, बाईले काय आवडे, ते ठेवा पानावर. चौतीस वर्षं सोबत राह्यलो, सर. मले सांगता आलं नाही. मी पोहे ठेवले. पोहे मले आवडत, म्हणून ती रोज करे."

चहा घेऊन ही दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप नीट ठेवले आणि म्हणाली, "कालची पोळी खाते मी, चहात बुडवून. धिरड्यानं मले पित्त होते." आणि आत गेली.

एकोणतीस वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं. मी चिडलो, कुणावर ते मलाही कळेना. त्या घराला नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि हो म्हणायचं, तर जिथे तव्यामागे उभं करून तिला विसरून जातील, तिथे मुलीला मीच पाठवत होतो. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला सगळं सांगितलं आणि म्हणालो, तूच ठरव.

ती म्हणाली, "बाबा, मी तिथं आयुष्यभर उभ्यानं खाणार नाही, एवढं नक्की. बाकी माणसं चांगली असली तं शिकतीन." लग्न ठरलं.

बाबूजींना ते बघायचं होतं. पण साखरपुड्यानंतर महिनाभरात ते गेले. छातीत दुखायला लागलं, अकोल्याला नेलं, परत आणलं ते तसंच. त्यांच्या दोन खोल्या आता एका मोबाइल दुरुस्तीवाल्यानं घेतल्या आहेत. बुधवारी आमच्याकडे धिरडी होत नाहीत. काय होतं ते ही ठरवते, आणि मी तिच्यासमोर बसतो. सुरुवातीला तिला त्याचा फार संकोच व्हायचा. मलाही.

लग्नाला दोन महिने झाले तेव्हा मी पहिल्या एसटीनं नांदुऱ्याला गेलो. कुणाला कळवलं नाही. दार उघडंच होतं. मुलीचे सासरे ओसरीत पेपर घेऊन बसले होते, जावई त्यांच्या शेजारी. मला पाहून दोघं गडबडीनं उठले.

"या, या सर! बसा," सासरे म्हणाले आणि ओशाळून हसले. "न्याहारीले थोडा वेळ हाय. आमचा नंबर नंतर असते आता."

मी आत डोकावलो. स्वयंपाकघरात सासू आणि सून जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या. मधे थालीपिठांची ताटली आणि दही. मुलीनं मान वर करून मला पाहिलं. तोंडात मोठा घास होता, म्हणून तिला "या" म्हणता येईना. तिनं हातानंच मला थांबायची खूण केली आणि सावकाश चावत राहिली.