देवकाबाईला फुरसत नाही

केशोरी गावच्या बकारामला बायकोचा राग यायचा, पण ती काम करत नाही म्हणून नव्हे. ती क्षणभर बसतच नसे, याचा त्याला वीट आला होता. देवकाबाई चाळिशीला टेकलेली, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. सासूला खोकला झाला की वैद्याच्या दारात हीच. धाकट्या पोरीचा कान वाहू लागला, तिला घेऊन धावणार हीच. अहो, म्हैस चारा खाईना तेव्हा तिला ढोरांच्या डॉक्टरला दाखवायला ही बाई अर्जुनीपर्यंत पायी गेली होती! आणि स्वतःचं उजवं कोपर वर्षभर ठणकत होतं, त्याला काय, तर मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. तेही चुलीत काड्या सारता सारता चोळायचं.

ही छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. तेव्हा गावोगाव महारोगाची तपासणी करणारे लोक फिरू लागले होते. केशोरीला छोटेलाल यायचा, गोंदियाचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. शाळेच्या पडवीत वही घेऊन बसायचा. दुखणं असो नसो, घरातल्या प्रत्येक माणसाचं अंग बघायचं, पीस फिरवून स्पर्श कळतो का ते विचारायचं, एवढंच त्याचं काम. बायकांना तपासायला पुष्पाबाई नावाची नर्स सोबत असे. पहिल्या खेपेला देवकाबाईने नवऱ्याला शेतातून हाकलत नेलं, सासूला हाताला धरून नेलं, पोरींना वेणीला धरून नेलं. आणि स्वतः? रोवणीला बाया लावल्या होत्या, ती चिखलात निघून गेली. दुसऱ्या खेपेला धानाची मळणी आली. तिसऱ्या खेपेला नणंदेचं बाळंतपण. छोटेलालच्या वहीत बकारामच्या घरच्या सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या, हिचं तेवढं कोरं.

बकारामने समजावलं, ओरडून पाहिलं, एकदा तर जेवत्या ताटावरून उठला. तिने ताट झाकून ठेवलं आणि शेण भरायला गेली. असल्या बाईशी माणसाने भांडावं तरी कसं! तिचं उत्तर ठरलेलं.

"मले का झालं जी? धडधाकट आहो मी. फुरसत भेटन तवा जाईन."

फुरसत कसली भेटते! चौथ्या खेपेला गावातल्या हिरालालच्या पोरीचं लग्न निघालं. आणि लग्नाच्या पंक्तीचा भात म्हटला की गावाला देवकाबाईच लागायची. भात शिजला की त्यातलं कढतं पाणी काढायला तो भलामोठा गंज, म्हणजे पातेलं, कलता करावा लागतो. बाकीच्या बाया फडकी धरून, तोंडं वाकडी करून तो कसाबसा हलवायच्या. देवकाबाई उघड्या हाताच्या कडेने रेटा द्यायची आणि तोंडाने बोलणं चालूच. अन्नपूर्णेनं हिच्या हाताला हात लावला आहे, असं बाया म्हणत. बकारामला बायकोचा कितीही वैताग असो, ही गोष्ट मात्र तो चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगे.

तर त्या दिवशी तो एकटाच शाळेत गेला. छोटेलालने वही उघडून नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बकाराम शरमला. बायकोने चार वेळा तोंडघशी पाडलं होतं, आता कोणतं तोंड दाखवायचं? निदान बाजू तरी सावरावी म्हणून त्याने आपला नेहमीचा पाढा सुरू केला.

"तिले का होते साहेब? कढता गंज उघड्या हातानं रेटते. फोड आला तरी तिले मालूम नाई पडत."

छोटेलालची पेन्सिल थांबली. त्याने विचारलं, "कब से?"

बकाराम म्हणाला, असेल वर्षभर. फोड येतो आणि कळत नाही, हे नक्की का, असं छोटेलालने पुन्हा सावकाश विचारलं. हो म्हणता म्हणता बकारामचा मिशीवरचा हात खाली आला. वर्षभर सगळा गाव ज्याचं कौतुक करत होता, आणि सगळ्यांच्या पुढे तो स्वतः, ते कौतुकाचं नव्हतंच, दुखणं होतं. बायको ऐकत नाही म्हणून तो दोन वर्षं कपाळ बडवून घेत होता. पण डोळ्यांसमोरचं त्याला तरी कुठे दिसलं होतं? देवकाबाईला निदान काम होतं. त्याला काय धाड भरली होती?

छोटेलाल आणि पुष्पाबाई, दोघांना घेऊन तो लग्नघरी आला. पुष्पाबाईने देवकाबाईला चुलीपुढून उठवून कोठीच्या खोलीत नेलं आणि डोळे मिटायला लावले. जिथे पीस लागेल तिथे बोट ठेव, म्हणाली. पाठ झाली, डावा हात झाला, प्रत्येक ठिकाणी बोट बरोबर. उजव्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, त्याच्यावरून पीस फिरलं, बोट हललं नाही. मग उजवी करंगळी, तिच्या शेजारचं बोट, तळहाताची कड. देवकाबाई डोळे मिटून बसून राहिली.

"लाव ना वो लवकर," ती कावून म्हणाली. "तिकडं भात लागून राहिला."

पुष्पाबाई पीस लावतच होती. दारात उभ्या बकारामने तोंड फिरवलं.

दर आठवड्याला गोळ्या, दोन-तीन वर्षं, पुष्पाबाईने सांगितलं. रोग थांबेल. बोटं अजून वाकली नाहीत, ती वाचतील. पण गेलेला स्पर्श परत येईल याचा भरवसा नाही. पहिल्या खेपेला आली असती तर बहुतेक राहिला असता. सगळी तपासणी आटपायला भाताला एक कढ यावा तेवढा वेळ लागला होता.

चुलीजवळ जायला मनाई झाली म्हणून देवकाबाई भांडली, आणि मग भर दुपारी दोघं घरी निघाली. वाटभर तिचं तोंड चालूच. गोळ्या बुधवारी देणार म्हणे. बुधवारी धान कांडायचं असते, सासूला न्हाऊ घालायचं असते, बुधवारी कुठची फुरसत? बकारामच्या तोंडात शिव्या आल्या, त्या त्याने गिळल्या. वीस वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. भररस्त्यात तिची ती दोन बोटं हळूच हातात धरली. एरवी तिने लोकांदेखत हात झटकला असता, लाजलज्जा काढली असती.

ती पुढे बघत बुधवारचंच बोलत राहिली. आपला हात कोणी धरला आहे, हे तिला कळलंच नव्हतं.