भिंतीकडं तोंड करून बसणारी अक्का

"मला सांगू नका," असं म्हणायची आणि स्टूल गर्रकन फिरवून भिंतीकडं तोंड करून बसायची.

तिच्या मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की तिचं हे ठरलेलं. आमच्या तुळजापुरात तर माणसं पासवर्ड टाकायच्या आधी मोठ्यानं सांगून मोकळी होतात. "अक्का, घ्या, आईचं नाव अन् पुढं एक दोन तीन." की हिची दोन्ही कानांत बोटं. "अय्यो, मला सांगू नका हो! निम्म्या गावाचा तोच आहे."

भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक खिळा होता, त्यालाही काही टांगलेलं नव्हतं.

तुम्हीही माणसं बघत असाल. आता तुम्हीच सांगा. सगळं गाव दुसऱ्याच्या मोबाईलात मान घालतं आणि एकच बाई मान फिरवते, तर संशय कुणाचा घ्यायचा? मी तिचा घेतला. ज्याला विचारावं लागत नाही त्याला आधीच ठाऊक असतं, असा माझा विचार. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. तरुणपणी खानावळीत राखेनं भांडी घासली आणि पुढं लॉज बांधला. पाटीवर पोराचं नाव लावलं, मराठीत आणि इंग्रजीतसुद्धा. खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. एकेका किल्लीला लोखंडाची जाड पट्टी, म्हणजे भाविक ती चुकून खिशात घालून सोलापूरला जात नाही. ज्याला वजन आहे त्यावर माझा भरवसा.

आणि पोरानं पुण्याहून धाडला पापडासारखा लॅपटॉप. हातात घेतला तर आत काही घालायचं विसरले की काय असं वाटलं. त्याची अक्षरं मला मोहरीएवढी दिसली, म्हणून मागनं एक मोठा पडदा आला. तो मी गल्ल्याशेजारी मांडला, वायर जोडली आणि लॅपटॉप मिटवून खाली फळीवर ठेवून दिला. उघडा ठेवून कशाला धूळ खाऊ द्यायची?

बुकिंग आता सगळं त्यात येतं. बुकिंगचा एक पासवर्ड, पोलिसांना पाहुण्यांची नावं कळवायचा दुसरा, बँकेचा तिसरा. हे सगळे पोरानं मोबाईलातल्या एका ॲपात कोंडले. लॅपटॉपनं पासवर्ड मागितला की मोबाईल विचारणार, देऊ का? आपण बोट टेकवायचं, की कुलूप उघडलं. पण माझ्या बोटाला रेषाच उरलेल्या नाहीत, त्या खानावळीच्या राखेत गेल्या. मोबाईल म्हणायचा, बोट ओळखू येत नाही. मग ॲपाचा मुख्य पासवर्ड टाकायचा, तो पोरानं ठरवलेला. तो टाकला तरी मोठ्या पडद्यावर काही हलायचं नाही. नुसतं गोल फिरत राहायचं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. पोराचा फोन आला. "अप्पा, तुमच्यानं होत न्हाय. एक ठेकेदार बघितलाय, लॉज चालवायला घेतो म्हणतो. तुम्ही आरामात बसा."

"म्या अजून मेलो न्हाय," मी म्हणालो.

"मग घटस्थापनेपर्यंत तुमचं तुम्ही उघडून दाखवा. न्हाय जमलं तर देऊन टाकू."

माझा लॉज, पाटीवर त्याचं नाव, आणि मुदत मला. तर असा प्रसंग होता, म्हणून मी अक्काला बोलावलं. एरवी बोलावली नसती.

बसस्टँडकडून देवळाकडं जाताना बांगड्यांच्या दुकानांच्या ओळीत तिचं मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. चाळिशीची बाई, बोलण्यात कानडी हेल, उमरग्याकडची असावी. सगळे अक्का म्हणायचे. नाव काय, कुणी विचारलं नसावं. मी तर नाहीच. मोबाईलनं पैसे दिले की समोरच्याचं नाव दिसतं म्हणतात, पण मी रोखीचा माणूस.

ती आली. मोठ्या पडद्याकडं तिनं बघितलंही नाही. खाली वाकली आणि मिटवलेल्या लॅपटॉपचं झाकण उचललं. आतल्या लहान पडद्यावर एक चौकट उघडी होती. 'पासवर्ड भरू का' असं विचारणारी.

"अप्पा, तो बिचारा इथं आत बसून तुम्हाला विचारतोय. तुम्ही त्याला बाहेर शोधताय."

"त्यानं बाहेर यावं की. त्याच्यासाठीच तर पडदा आणलाय."

"तो घरातला आहे, बाहेर येत नाही." मग म्हणाली, "झाकण उघडं ठेवा. पासवर्डाचं काम लहान पडद्यावर, तुमच्यापुरतं. गावाला दाखवायचं ते मोठ्यावर."

एवढी सोपी गोष्ट? मला लगेच शंका. इतक्या लवकर सापडतं ते ठेवणाऱ्यालाच सापडतं. पण ही बाई त्याआधी माझ्या लॉजची पायरी चढलेली नव्हती. शंका बसवायला जागा मिळेना, तरी मी ती सोडली नाही.

मग म्हणाली, मोबाईलातलं ॲप शिकवते, मोठ्या पडद्यावर घेऊ म्हणजे अक्षरं दिसतील. माझा मोबाईल तिनं पडद्यावर आणला. माझ्या नातीचा फोटो पडद्याएवढा झाला. बरं वाटलं. पण ॲप उघडलं आणि पडदा काळा ठिक्कर.

"काय लपवलंस?" मी विचारलं.

"मी नाही हो. ते आपोआप काळं होतं. दुसऱ्या पडद्यावर कुणी बघू नये म्हणून."

"माझंच मला दाखवंना?"

"तुम्हाला दाखवतंय की. हातातल्या मोबाईलवर बघा. शेजारच्याला दाखवत नाही." हसली आणि म्हणाली, "तुमच्याच वळणाचं आहे."

मला राग आला. खरं तर थोडं बरंही वाटलं, पण ते तिला कळू दिलं नाही.

मग तिनं विचारलं, मुख्य पासवर्ड कुणाला ठाऊक आहे? मी म्हणालो, पोराला. "मग किल्ली तुमची कशी?" ती म्हणाली. "बदला. देवीचं नाव नको, पोराचं नको, लॉजचं नको. मनातलं एखादं लांब वाक्य घाला, आजवर कुणाला न सांगितलेलं."

"विसरलो तर?"

"तर कुणालाच उघडत नाही. कंपनीलापण नाही."

"कंपनीला ठाऊक न्हाय? मग त्यांचं चालतं कसं?"

"ठाऊक नाही म्हणून तर चालतं."

तिनं खुर्ची फिरवली आणि माझ्या भिंतीकडं तोंड केलं. मी एकेक अक्षर शोधून वाक्य घातलं. असं वाक्य माझ्याकडं होतं. बायकोला कधी सांगितलं नाही, इथंही लिहिणार नाही.

शेवटी ॲपात एक जागा दिसली. 'तुमच्यामागं हे कुणी उघडायचं', त्या माणसाचं नाव आणि ईमेल. अक्का म्हणाली, "ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं घाला."

"असा कुणी न्हाय."

"मग मोकळी ठेवा. मोकळी जागा कुणाला खात नाही."

ती निघाली तेव्हा मी एक डाव टाकला. दारापर्यंत गेली आणि मी मागनं मोठ्यानं म्हणालो, "बरं झालं, 'लोखंडी पट्टी' हा पासवर्ड ध्यानात राहील." खोटा होता. हिनं कानांत बोटं घातली, "अप्पा, मला सांगू नका!" आणि चालायला लागली. मी मनात म्हणालो, बोटांच्या फटीतून ऐकू येतंच. आता बघू.

आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. 'कुणीतरी तुमचं ॲप उघडण्याचा प्रयत्न केला. पासवर्ड चुकीचा.'

सापडली! चुकीचा म्हणजे 'लोखंडी पट्टी'च असणार. मी लॅपटॉप काखेत मारला. हलका असल्याचा तेवढाच उपयोग. अंगात सदरा उलटा होता, ते मला वाटेत पेढेवाल्यानं सांगितलं, पण मी थांबलो नाही. तोही गंमत बघायला मागनं आला.

दुकानात बांगडीवाली मोबाईल घेऊन बसलेली, एक पुजारी उभा. अक्काच्या टेबलावरचा मोठा पडदा कायम गिऱ्हाइकाकडं तोंड करून असायचा, आपल्या वस्तूचं काय चाललंय ते आपल्याला दिसावं म्हणून. मी सगळ्यांसमोर बोललो.

"अक्काबाई, भिंतीकडं तोंड करून लोकांची कुलपं उघडता व्हय? आज पकडलं तुम्हाला."

पुजारी म्हणाला, "अप्पा, सबुरीनं."

"तुमचापण पासवर्ड हिच्याकडंच हाय, महाराज. आधी तो बघा."

पुजाऱ्यानं लगेच मोबाईल खिशात घातला. बांगडीवालीनंही पदराखाली घेतला. बघा, संशय कसा असतो. मी एकटाच नव्हतो.

अक्काचा चेहरा उतरला, ते मी बघितलं. म्हणाली, "द्या इकडं. कुणी उघडायला बघितलं ते यात लिहून येतं. सगळ्यांसमोरच बघू, मोठ्या पडद्यावर. मोबाईलासारखं काळं होणार नाही." तिनं वायर जोडली. मुख्य पासवर्ड मी टाकला, तेव्हा ती भिंतीकडं वळली होती, त्याही वेळी. मग तिनं कुठं कुठं दाबलं. मोठ्या पडद्यावर पान हळूहळू उतरायला लागलं. 'ठिकाण' असं आलं, त्याच्यापुढं 'पु'. सगळे माना पुढं करून उभे.

तिनं वायर उपटली.

मोठा पडदा काळा झाला. "काय झालं, काय झालं?" पेढेवाला ओरडला. अक्कानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला, स्टूल फिरवलं आणि खिळ्याकडं बघत म्हणाली, "अप्पा, तुमचं तुम्ही वाचा. मला सांगू नका."

मी वाचलं. ठिकाण पुणे. त्याच्याखाली, कोणत्या लॅपटॉपवरून, ते इंग्रजीत. इंग्रजी मला येत नाही. पण तेवढी अक्षरं येतात. लॉजच्या पाटीवर तीच आहेत.

पोरानं आपला जुना पासवर्ड घालून बघितला होता. तो आता लागत नव्हता.

"कोण निघालं, अप्पा?" बांगडीवालीनं विचारलं.

"कुणी न्हाय," मी म्हणालो. "मशीनची चूक हाय."

"मग अक्काला बोललात त्याचं काय?"

"तुझ्या बांगड्या बघ तू."

पुजाऱ्यानं मोबाईल परत बाहेर काढला. अक्का पाठमोरीच होती. तिला कळलं होतं का? 'पु'वरून कळलं असेल, तिच्यासारखीला कळायला वेळ लागत नाही. पण तिनं विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. मी लॅपटॉप मिटवला. "वायर चांगली हाय," एवढंच म्हणालो आणि आलो.

घरी येऊन फोन लावला. "काय रे, माझं कुलूप हलवून बघतोस?"

पोरगं म्हणालं, "ठेकेदाराला बुकिंग दाखवायचं होतं. उघडलं न्हाय, अप्पा."

"उघडणार बी न्हाय. ठेकेदाराला सांग, म्हातारा अजून हाय म्हणून."

घटस्थापनेला पहाटे गल्ल्यावर मीच होतो. लहान पडद्यावर चौकट आली, मी माझं वाक्य घातलं, मोठ्या पडद्यावर खोल्या दिसल्या. सगळ्या भरलेल्या. दुपारी एक खोली रिकामी झाली, ती मी भाविकांना नाही म्हणून राखली आणि तिची किल्ली अक्काच्या दुकानात पाठवली. तिची आई गावाकडनं दर्शनाला येणार होती, हे मला बांगडीवालीकडून कळलं होतं. निरोप काही दिला नाही. नवरात्र संपल्यावर किल्ली परत आली, पट्टी घासूनपुसून लखलखीत. तिचाही निरोप नव्हता.

उन्हाळ्यात दुकान बंद झालं. आई एकटी आहे म्हणून गावी गेली, असं पेढेवाला सांगतो. मला ते पुरतं पटलेलं नाही. तिच्या पाटीवरचा नंबर मी लावून बघितला, तो आता लागत नाही. तिथं सध्या उसाचा रस मिळतो. रसवाला तिचं स्टूल मोडीत टाकायला निघाला होता, ते मी घेऊन आलो. त्याला वजन चांगलं आहे.

ॲपातली ती जागा अजून मोकळी आहे. एक दिवस भरायला बसलो होतो. विचार केला, अक्काच्या हातात किल्ली दिली तर ती उघडणारच नाही, भिंतीकडं तोंड करून बसेल. मग माझ्यामागं उपयोग काय? तरी तिचंच घालावं असं वाटलं. पण तिथं नाव लागतं आणि मला अक्का सोडून काही ठाऊक नाही. पोराचं घालू का? बघू. अजून मला त्याचा संशय आहे.

यंदा दिवाळीला पोरगा आला होता. गल्ल्याशेजारी त्या स्टुलावर बसला. मी वाक्य घालायला लागलो आणि त्याच्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत स्टूल हळूच फिरलं आणि त्याचं तोंड भिंतीकडं झालं. फरशीला उतार आहे, असं पोरगं म्हणतं. मी गोटी ठेवून बघितली. गोटी हलली नाही.