खोकल्याची वहिवाट

"ताई, आपला उतारा काढा."

दर शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक मामा, सगळ्या रस्त्याचेच मामा. हात काउंटरवर, आणि बोलायच्या आधी एकदा मान वळवून मागे बघणं. मागे कुणी नसायचं. पण बहुतेक नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेले गार्ड ते. गाडी पूर्ण आली की नाही हे बघितल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. रिटायर झाल्यावर रेल्वेनं गार्ड हे नावच बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "घरी बसल्यावर प्रमोशन दिलं. बायकोला सांगितलं तर म्हणती, मग भाजी आणा मॅनेजर."

दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. लोक माझ्याकडे सातबाऱ्याचा उतारा मागतात, उत्पन्नाचा दाखला मागतात. मामा इंग्लंडचा उतारा मागायचे. तिकडे दर आठवड्याला कुठली रेकॉर्ड किती खपली याची शंभर नावांची यादी निघते, ती. पहिल्यांदा मागितली तेव्हा मला वाटलं, मामांना ऊन लागलं. मग सवय झाली. मी प्रिंट काढायची. ते चष्मा कपाळावरून नाकावर आणून बोट पहिल्या नावापासून शंभराव्या नावापर्यंत फिरवायचे. "न्हाई लागलं नाव. हरकत न्हाई. नोंदीला येळ लागतो." मग कागदाला भोकं पाडून तो दोऱ्याच्या फायलीत.

नाव लागायचं होतं ते चार गोऱ्यांच्या एका जुन्या बँडचं. मामा त्यांना 'आपली पोरं' म्हणत. पोरांपैकी दोघं वारले होते आणि उरलेले दोघं माझ्या सासऱ्यांपेक्षा थकलेले होते. पण मामांच्या रेकॉर्डच्या पाकिटावर चौघं खांद्यापर्यंत केस सोडून भिंतीला टेकून उभे होते, आणि मामांपुरते ते तिथेच उभे राहिले.

ही रेकॉर्ड मामांकडे आली कशी, हे तुम्ही विचारणारच. मीही विचारलं होतं. तरुणपणी मामा रेल्वेत कॉलमन होते. म्हणजे ड्रायव्हरच्या घरी जायचं, अमक्या गाडीला तयार व्हा असा निरोप द्यायचा आणि वहीत सही घ्यायची. रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. तो दाढी करताना ही रेकॉर्ड लावायचा आणि दाढी संपेपर्यंत सही द्यायचा नाही. मामा ओट्यावर उभे. पुढे तो ड्रायव्हर कायमचा परदेशी निघाला तेव्हा त्यानं घरातलं सामान कॉलनीत वाटलं. "कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कुत्रं," मामा सांगायचे. "माझ्या वाट्याला पोरं आली. प्लेयरसकट."

मामांना इंग्रजी रेल्वेपुरतंच यायचं. राइट टाइम, लाइन क्लिअर, एवढं. गाण्यात काय म्हटलंय हे त्यांना कधी कळलं नाही आणि कळून घ्यायचीही त्यांना घाई नव्हती. मी एकदा एका गाण्याचे शब्द काढून मराठीत अर्थ सांगितला. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरं तशी चांगलीत. संगत वाईट आसंल."

तर एका शनिवारी मी प्रिंट काढायच्या आधीच स्क्रीनवर बातमी दिसली. पोरांची ती जुनी रेकॉर्ड नव्यानं धुऊनपुसून, झळाळी देऊन पुन्हा बाजारात येणार होती. आपल्याकडे जुन्या घराला ऑइलपेंट मारून नवं म्हणून भाड्यानं देतात, त्यातलाच प्रकार. मी तसं म्हटलंही. पण मामांनी ऐकलं ते एवढंच की पोरं पुन्हा उभी राहताहेत.

आता आमच्या भागात नावांची यादी वरखाली होते ती एकाच गोष्टीत. सोसायटी असो, कारखाना असो, ग्रामपंचायत असो, निवडणूक म्हणजे पॅनल आणि पॅनल म्हणजे प्रचार. मामा तडक आपल्या गावी, वडगाव रासाईला गेले आणि तिथे बैठक घेतली. मी तिथे नव्हते, पण बैठकीचा वृत्तांत दौंडात माझ्यापर्यंत तीन जणांनी पोचवला आणि तिघांचाही जुळला, म्हणजे खरा असावा.

मामा म्हणाले, "मतदान मोबाईलवर हाय. गाणं लावायचं आन् फोन ठिवून द्यायचा. ऐकायलाच पायजे असं न्हाई."

गावातले एक आप्पा म्हणाले, "चिन्न काय हाय?"

"गिटार."

"विरोधात कोण?"

"सगळं आजकालचं. कालची पोरंपोरी."

एवढ्यावर ज्येष्ठांची मतं एकगठ्ठा मिळाली. रेकॉर्ड बाजारात आली त्या दिवसापासून घराघरांत फोन वाजू लागले. एका घरात फोन गोठ्यात टांगला, म्हशीनं पान्हा चोरला, आणि दोन दिवस त्या घराचा पाठिंबा डळमळीत झाला. मामा स्वतः प्रचारात इतके गुंतले होते की नवी आवृत्ती त्यांनी ऐकलीच नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "प्रचार करताना जाहीरनामा कोण वाचतंय?"

मी मात्र नियम वाचले. तिकडच्या यादीसाठी मोबाईलवर ऐकलेलंही मोजतात, पण फक्त तिकडच्या लोकांनी ऐकलेलं. म्हणजे वडगावच्या मतदारांची नावं मतदार यादीतच नव्हती. हे मी मामांना सांगितलं नाही. धीर झाला नाही म्हणा. खरं तर सांगावंसंच वाटलं नाही.

आणि काय सांगू, नाव लागलं. शंभरातही नाही, दहातही नाही, थेट पहिलं! मामांनी कागद हातात घेतला, बोट पहिल्याच ओळीवर थांबलं आणि तिथून हलेना. मग त्यांनी खिशातून पुडी काढली. गुलाल. तीन आठवडे हा माणूस शर्टाच्या खिशात गुलाल घेऊन फिरत होता. माझा कीबोर्ड अजून गुलाबी आहे.

गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला: 'इंग्लंड येथे प्रथम क्रमांकाने निवडून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' वर चौघांचे फोटो, खाली कोपऱ्यात गॉगल लावलेले मामा. केसांमुळे एसटीतल्या बऱ्याच जणांना चार मुली निवडून आल्या असं वाटलं आणि महिला आरक्षणाचं कौतुक झालं.

त्या आनंदात मी मामांना नवी रेकॉर्ड मागवून दिली. ती आली त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मामी तांदूळ निवडत होत्या. मामांनी हात धुतले, रेकॉर्ड कडेला धरून प्लेयरवर ठेवली. पहिली बाजू झाली. आवाज काय लख्ख! मामा मान हलवत होते. दुसरी बाजू लागली. दोन गाणी झाली, तिसरं सुरू व्हायच्या आधी मामा जरा पुढे झुकले. गाणं सुरू झालं. मामांनी सुई उचलली, मागे घेतली. पुन्हा गाणं सुरू झालं.

"खोकला कुठाय?" मामा म्हणाले.

मला कळेना. तेव्हा त्यांनी आपली जुनी रेकॉर्ड लावली. खरखर, चरचर, आणि तिसऱ्या गाण्याच्या आधी, अगदी स्पष्ट, कुणीतरी खोकलं. चौघांपैकी एक असेल, नाहीतर चहा घेऊन आलेला कुणी असेल. पुसटसा, जरा लाजलेला खोकला. मग थोडी शांतता आणि मग गाणं. नव्या आवृत्तीत साफसफाई करताना तो कुणीतरी झाडून टाकला होता.

"बरंच झालं की," मी म्हटलं. "एका खोकल्यानं काय होतं, मामा?"

मामा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ताई, गाडी निघती तवा इंजिन तिकडं फर्लांगभर म्होरं असतंय. मधी नुसता कोळसा. शेवटी एक डबा आन् त्यात मी. भर दुपारी कुठल्यातरी बारक्या टेसनाला गाडी बाजूला घेत्यात आन् इसरून जात्यात. चार-चार तास. माळ नुसता. बोलायला कुत्रं न्हाई. मी ह्याची कॅसेट भरून घेतली हुती, ती लावायचो. गाणं मला कुठं कळतंय? पन मधीच कुणीतरी खोकायचं. आत माणूस हाय का बघायला दारात कुणी खाकरतं का न्हाई, तसं. लई बरं वाटायचं."

मला इतका वेळ हा माणूस विनोदी वाटत होता याची लाज वाटली. मी उठून मामींच्या सुपातले खडे वेचायला लागले. एकही खडा नव्हता.

मामा तोवर पुढच्या कामाला लागले होते. "निवडून आल्यावर पॅनल बदलतं, हे काय आपल्याला नवं न्हाई," ते म्हणाले. "अर्ज करू. शेत त्यांचं आसंल. वाट माझी हाय. चाळीस वर्सं वहिवाटीची वाट कुणी नांगरली तर तसीलदार मोकळी करून देतो का न्हाई?"

देतो. असे रस्त्याचे अर्ज मी आठवड्याला चार भरते. त्यामुळे हा अर्ज मला अवघड गेला नाही. 'प्रति, मा. व्यवस्थापक, रेकॉर्ड कंपनी, लंडन. विषय: गाण्यातील खोकला पूर्ववत सुरू करणेबाबत. महोदय, सदर खोकला गेली चाळीस वर्षे अर्जदाराच्या अखंड वहिवाटीत असून तो कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आला आहे.' सोबत पंचनामा जोडला. पंच दोन, मी आणि मामी. मामींनी सही करताना सांगितलं, "लिही, खोकला मी सोता ऐकलाय. लगीन झाल्यापास्नं ऐकतीया. नवऱ्याचा कमी आन् ह्येचा जास्त."

पुरावा म्हणून जुन्या रेकॉर्डवरचा आवाज फोनवर भरून घ्यायचं ठरलं. मी सगळ्यांना गप्प बसवलं, फोन प्लेयरजवळ धरला. खरखर, चरचर. खोकला आला. त्यामागोमाग खोलीतून, शांतपणे:

"हाय, हाय. बसलोय."

"मामा! पुराव्यात बोललात तुम्ही!"

मामा शाळेतल्या पोरासारखे ओशाळले. "तोंडातनं गेलं वं."

"रोज बोलत्यात," मामी म्हणाल्या. "मी तर सांगायचं सोडून दिलं."

दुसऱ्यांदा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मामांनी तोंडावर हात दाबून धरला, तर हाताआडून "हं" आलंच. शेवटी मी पहिलंच पाठवून दिलं. अर्जाचं इंग्रजी फोननं केलं, त्यात वहिवाटीचं काय झालं असेल देव जाणे.

दोन मिनिटांत उत्तर आलं. आपला निरोप मिळाला, तो आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, वगैरे. मशिनी उत्तर. मामांनी त्याची प्रिंट घेतली आणि लॅमिनेट करायला लावली. "पोचपावती आली. अर्ज इनवर्ड झाला म्हंजी काम झालं बघा."

त्यानंतर शनिवारी मामा उतारा मागेनासे झाले. मागे बघायचे आणि विचारायचे, "आपल्या अर्जाचं काय?" मी म्हणायची, "टेबलावर आहे, मामा." सरकारी कामांबाबत इतकी वर्षं खोटं बोलून माझी जीभ सरावली आहे. पण मामांना खोटं सांगताना प्रिंटरशी उगाच खुडबुड करावी लागायची. पोरं पहिल्या नंबरवरून कुठे गेली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

हिवाळ्यात एका दुपारी मामा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वडगावची माणसं टेम्पो भरून आली. बुद्धवंदना झाली. भाषणांत एकानं मामांनी इंग्लंडची सीट कशी काढली ते सांगितलं आणि त्या प्रसंगीही लोक हसले. मीही हसले. मामा असते तर हसले नसते. त्यांच्या मते तो विषय अजून प्रलंबित होता.

पावसाळा सरता सरता पोरांच्या रेकॉर्डची आणखी एक आवृत्ती निघाली. जाहिरातीत लिहिलं होतं की या वेळी काही झाडलं-पुसलं नाही. स्टुडिओतल्या बारीकसारीक आवाजांसकट, सगळं मुळात होतं तसं. आमच्या अर्जाचा याच्याशी काहीएक संबंध नसणार. इंग्लंडातही मामा असतीलच की, आणि त्यांनी तिथल्या तहसीलदाराला पिडलं असेल. वडगावात मात्र याबद्दल कुणाला शंका नाही.

मी ती आवृत्ती मागवली आणि मामींकडे घेऊन गेले. प्लेयर कसा लावायचा हे मामींनीच मला दाखवलं. दुसरी बाजू लावली. मामी भिंतीला टेकून मेथी निवडत बसल्या. दोन गाणी संपली. खरखर नव्हती, चरचर नव्हती, आणि त्या लख्ख शांततेत तो खोकला आला. आधी कधी आला नव्हता इतका जवळून.

मामींनी मेथीवरची मान वर केली नाही.

"न्हाईत ते," त्या म्हणाल्या.

मग गाणं सुरू झालं.