घाबरटाचं वळण

लाकडी रोलर कोस्टर कुणी बांधलाय, हे नुसत्या सांगाड्याकडे बघून सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नसेलच पाहिला. पण असतात अशी माणसं, आणि त्यांना त्याचा केवढा माज असतो ते त्यांच्या बायकांना विचारावं.

आमचे नजरवाले त्यातलेच. करमणुकीच्या बागेत डागडुजीचे सुतार. कुठल्याही कोस्टरचा फोटो पुढ्यात धरा, चष्मा कपाळावर सरकवून ते सांगणार, "बाहेरचे खांब जरा कलते ठेवलेत, म्हणजे हा कुणाचा हात ते मला काय विचारता, आईची आण, झोपेत ओळखेन!" आणि ओळखायचे. तिरप्या पट्ट्या एकमेकींना कुठे छेदतात, बोल्टचं डोकं आतल्या बाजूला की बाहेरच्या, सांधा खांबावर घेतलाय की अधांतरी, एवढ्यावरून बांधणाऱ्याचं नाव. आपण अक्षरावरून माणूस ओळखतो तसं. कौतुक करावं तेवढं थोडं. पण कौतुक झालं की माणसाची जीभ सैल सुटते, आणि नजरवाल्यांची तर मुळातच सैल होती.

त्यांच्या बागेतला कोस्टर दोन हातांचा. पुढचा अर्धा त्यांच्या वस्तादांनी बांधलेला, उंच, सडपातळ, एका पट्टीत भागतंय तिथे एकच पट्टी. मागचं मोठं वळण मात्र दुसऱ्याच कुणाचं. नजरवाले नोकरीला लागले तोवर तो माणूस काम संपवून गेलेला, नाव कुणाला आठवत नव्हतं. तिथे खांबाला खांब जोडलेला, पट्टीवर पट्टी, टेकूला टेकू. नट सुटू नये म्हणून एकूण एक बोल्टचं टोक हातोडीनं ठेचलेलं. नजरवाल्यांनी त्याचं बारसं केलं, घाबरट! झालं, सगळ्या बागेत तेच नाव चिकटलं. गाडी सोडणारी बाईसुद्धा लोकांना सांगायची, "घाबरटाच्या वळणावर घट्ट धरून बसा हं."

तर ह्या नजरवाल्यांच्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा भला होता. वडील लहानपणीच गेलेले, आईनं कपडे शिवून वाढवलेला. पक्कं करायच्या आधी सगळ्यांनी एकदा निवांत भेटावं म्हणून लेकीनं मायलेकांना बागेत बोलावलं. मुलाच्या आई, त्या बाई, यायला फारशा राजी नव्हत्या म्हणे, पण मुलासाठी आल्या.

नजरवाल्यांना काय, आयतेच श्रोते मिळाले. सांगाड्याखालच्या वाटेनं ते सगळ्यांना घेऊन निघाले. आधी वस्तादांचं गुणगान यथासांग झालं. मग मागचं वळण आलं.

"आणि हे विहीणबाई, आमचं विनोदी खातं!" त्यांनी हातवारे करून दाखवलं. "एका पट्टीचं काम, गड्यानं चार ठोकल्यात. लाकडानं नाही हो, भीतीनं बांधलंय हे. आमचा घाबरट! स्वतः ह्या गाडीत कधी बसला नसणार, पैज लावतो."

होणारा जावई हसला. लेकही हसली. बाईंनी एका खांबाला हात लावला होता. ठेचलेल्या बोल्टवरून त्या अंगठा फिरवत होत्या.

"नव्हतेच बसले," त्या म्हणाल्या. "ह्याचे वडील होते ते."

डोक्यावरून गाडी धडधडत गेली, लोक किंचाळले. ती गेल्यावर बाईच पुढे सांगू लागल्या.

"माझा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली होता. एका पट्टीवर उभा होता, ती निसटली. तो वाचला नाही. त्यानंतर नुसत्या एका पट्टीवर त्यांचा कधी भरवसा बसला नाही." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "हे बांधकाम त्यांचं, हे तुला मीच कधी सांगितलं नाही."

नजरवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला..." ते पुटपुटले. तसंच तर म्हणायचं होतं! इतकी वर्षं तेच म्हणत आले होते. बाईंनी डोकं दुखतंय असं सांगितलं आणि मुलाला घेऊन त्या गेल्या.

घरी लेक आपल्या खोलीत जाऊन बसली, ती जेवायलाही आली नाही. बायकोनं मात्र तोंड सोडलं. "अहो, कुणाच्या गेलेल्या नवऱ्याला असं बोलतात?"

"मला काय ठाऊक, त्यांचा नवरा म्हणून?"

"कुणाचा तरी असेलच की! आभाळातून पडला होता का तो?"

नजरवाले ताट सरकवून उठले. मनात भलतंच येत होतं. वस्तादांच्या अर्ध्यात दर हंगामाला पट्ट्या बदलाव्या लागत, आणि मागच्या वळणाला त्यांनी क्वचितच हात लावला असेल. तिथे काही ढिलं होतच नसे. हे त्यांना रोज दिसत होतं. तरी रोज त्याच खांबांखाली उभं राहून, लोकांना हसवून, टाळ्या घेत होते. आपली आपल्यालाच इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या शिलाईच्या दुकानात गेले. लेकही सोबत निघाली, पण समोरच्या फुटपाथवरच थांबली. बाई मशीनपाशी बसून कुठल्याशा कोटाची शिवण उसवत होत्या. त्यांनी नुसतं स्टुलाकडे बोट दाखवलं.

"विहीणबाई, मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही," नजरवाले बसताबसता म्हणाले. "पण माझ्या जिभेची शिक्षा पोरीला देऊ नका. पाया पडतो."

बाईंनी ते ऐकलंसं दिसलं नाही. "तुम्हाला लाकडावरून माणूस कळतो म्हणता ना? मग मला एक सांगा. वळण सुरू होतं तिथपासून ते संपतं तिथपर्यंत, त्यांची भीती कमी होत गेली का हो?"

उत्तर नजरवाल्यांना पाठ होतं. वळणाच्या शेवटी पट्ट्या इतक्या दाट, की नट आवळायला पाना घालावा तर जागा मिळू नये. त्यावर त्यांचा एक खास विनोदही होता. खोटं बोलणं अगदी सोपं होतं, पोरीचं भलंही त्यातच होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण ह्या बाईंसमोर त्या लाकडाबद्दल खोटं काही जिभेवर येईना.

"नाही," ते म्हणाले. "वाढत गेली. शेवटी तर फारच."

बाईंनी कात्री खाली ठेवली.

"घरी येऊन सांगायचे मला, आज आणखी ठोकल्या, आता कुणी पडणार नाही. आणि मी म्हणायची, घाबरट. पोराला मांडीवर घेऊन म्हणायची, बघ रे, तुझा बाप घाबरट. माझा भाऊ गेला होता, मला कुणावर तरी राग काढायचा होता. ते काही बोलायचे नाहीत. सकाळी उठून कामाला जायचे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "काल तुमच्या तोंडून तो शब्द आला आणि माझ्या छातीत धस्स झालं. वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं?"

नजरवाले निघायला म्हणून स्टुलावरून उठले.

"लग्न मोडायला मला तोंड आहे होय?" बाई म्हणाल्या. "तारीख काढा. फक्त मी काय म्हणायची ते मुलाला कळू देऊ नका. त्याला आठवत नाही."

ते बाहेर आले तशी लेक रस्ता ओलांडून धावत आली. "काय म्हणाल्या?"

"तारीख काढा म्हणाल्या."

तिनं आनंदानं त्यांचा दंड धरला. "म्हणजे माफ केलं ना, बाबा?"

"त्यांनी केलं गं," नजरवाले म्हणाले, आणि त्यांना लेकीकडे बघवेना. "पण माफी त्यांची नव्हे, ते वळण बांधणाऱ्याची मागायची होती."