फोटोत मावेल तेवढी टेकडी

केशोरीच्या स्टँडवर मी बसमध्ये चढले, तेव्हा बाबा मला सोडून दादालाच सांगत होते, "रोवणा झाला का टेकडीवर जाजो. घाणेरी चढू देजो नोको." लेक नोकरीसाठी पुण्याला निघालीय आणि ह्यांना झुडपांची काळजी! मला रागच आला.

ती टेकडी म्हणजे आमच्या गुरांची चराई. भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, उरकला, माती मऊ असली, की घरचे सगळे वर जायचो. घाणेरीखाली गवत उगवत नाही, आणि ती नुसती छाटली तर दुप्पट फुटते. म्हणून फळं धरायच्या आत कुदळीने मुळासकट काढायची आणि मुळं वर करून वाळू द्यायची. हात ओरबाडून निघायचे. आता बाल्कनीतल्या सहा कुंड्यांसाठीसुद्धा मी ग्लोव्हज घालते.

बाबा गेल्यावर दादा दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा. मोहाचं झाड, खाली स्वच्छ गवत. "साफ करून राहिलो, बाई." मी तो कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवायची. आमची टेकडी! स्वतःच्या फ्लॅटपेक्षा मला तिचाच तोरा जास्त होता.

या दिवाळीला न कळवता गेले आणि बॅग टाकून सरळ टेकडी गाठली. घाणेरी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, काळ्या फळांनी भरलेली. पायवाटच उरली नव्हती. ओरखडे घेत मोहापाशी पोचले, तर झाडाखाली अंगणाएवढी जागा लख्ख. मोबाईलमध्ये मावेल तेवढीच.

सख्ख्या भावाने फसवलं होतं मला.

दादा खाली बांधीत, भाताच्या खाचरात, धान कापत होता. "का केलंस असं?" मी ओरडलेच. त्याचा विळा थांबला नाही.

"गुरं इकून चार वर्स झाले. कोणासाठी साफ करू? तुले फोटो पाह्यजे होता, मी फोटो धाडला."

गुरं विकल्याचंही मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून चिडून रडले. "खरं सांगितलं असतंस तर मी आले असते."

तेव्हा तो कमरेतून सरळ झाला. 

"मंग पुढच्या वर्सी रोवण्यानंतर येजो. दोघं मिळून काढू."

त्या दिवसांत आमच्या ऑफिसात ऑडिट असतं. रजा मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मी कधी मागितलीही नाही.

"बघते," मी म्हणाले.

तो पुन्हा वाकून कापायला लागला.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, दादावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पाहुण्याला कोणी घरातली अडचण दाखवत नाही, चांगलं तेवढं समोर ठेवतात. त्याने मला माझ्याच घरात पाहुणी केलं, हा त्याचा दगा. आणि "बघते" म्हणून मी खरंच पाहुणी झाले.