पहिल्या पंगतीतलं पान

बदलापूरच्या शिरगावात माझ्या सासूला सगळे 'भांडीवाली बाई' म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "आत्याबाई, तुम्ही काय बोहारीण आहात का?" त्या नुसत्या हसायच्या. "म्हणू दे गं वेणू. नाव तर घेतात."

भांडी महिला मंडळाची होती. ऐंशी सालच्या आसपास आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांनी वर्गणी काढली आणि अंजनाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या बाजारातून टेम्पो भरून मोठमोठी पातेली, पराती, डाव, पाण्याची पिंपं आणली. सिंधी दुकानदाराशी त्यांनी अशी घासाघीस केली की तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, अब दुकान भी ले जाओ!" प्रत्येक भांड्यावर 'पंचशील महिला मंडळ, शिरगाव' असं कोरून घेतलं. ठेवायची कुठे? आमच्या पडवीत! घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि परातीत उंदीर पडला की सगळी जागी.

पण बदलापूर तेव्हा वाढत होतं. कोकणातले, देशावरचे, कोण कुठले येऊन चाळींत राहत होते. पन्नास माणसांचा भात शिजेल असं पातेलं कुणाकडे असणार? बारसं असो, लग्न असो, मयताचं जेवण असो, माणूस आमच्याच दारात. आत्याबाईंनी कधी कुणाची जात विचारली नाही की भाडं घेतलं नाही. भांडी घासून परत आणायची, एवढंच. आणि एक अट होती. भांडी ज्या घरी जातील, तिथे पहिल्या पंगतीत अंजनाबाई जेवायला बसणार.

मला वाटायचं, म्हातारीला जेवणाची हौस आहे. एका दिवशी तीन लग्नं आली की तीन पंगती जेवून यायच्या आणि ओवा चावत पडायच्या. मी चिडवायचे. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी आमच्या लोकांची पंगत सगळ्यांत शेवटी बसायची, उकिरड्याच्या कडेला. आई पदराखाली भात घरी आणायची. मी तेव्हाच ठरवलं होतं." त्यानंतर मी त्या विषयावर चिडवलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात कोंडाजी आमच्या दारात आला. रस्त्याच्या पलीकडे त्याचं कौलारू घर, मागे भाताची खाचरं. इथला जुना शेतकरी. आमच्याकडचं पाणीसुद्धा त्याने कधी घेतलं नव्हतं. पण मुलीच्या लग्नाला मांडववाल्याने नुसता मांडव घालून दगा दिला होता. हळद अंगाला लागलेली, वऱ्हाड वांगणीहून उद्या येणार, आणि भांड्यांचा पत्ता नाही.

"बाय, भांडी लागतील," तो अंगणातूनच म्हणाला.

"घेऊन जा की," आत्याबाई म्हणाल्या. "अट ठाऊक आहे ना?"

"हो, हो. पहिल्या पंगतीला बसा तुम्ही. माझा शब्द हाय."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. निघणार एवढ्यात कोंडाजीच्या घरून एक बाई फडक्याने झाकलेलं ताट घेऊन आली. "काकांनी पाठवलंय. तिकडे गर्दी आहे म्हणून."

असा संताप आला मला! म्हटलं, "गर्दी? चला आत्याबाई, आत्ताच्या आत्ता पातेली उतरवून आणू. बसू दे वऱ्हाडाला बोंबलत!"

"काही नको," त्या म्हणाल्या. "भुकेल्या माणसापुढचा भात ओढायचा? पोरीचं लग्न आहे ते." मग त्या ताटवाल्या बाईला म्हणाल्या, "हे परत ने, बाई. त्यांना सांग, मला पाय आहेत."

आणि गेल्या. मीही मागे गेले. त्या मांडवात शिरल्या आणि पहिल्या पंगतीच्या टोकाला पत्रावळीपुढे शांतपणे बसल्या. मी खांबाला धरून उभी. वाढपी आले. भात, वरण, भाजी, बुंदी. शेजारच्या पानापर्यंत यायचे आणि वळून जायचे. एकही थांबला नाही. कोंडाजी समोर उभा होता. त्याने पाहिलं, मान फिरवली आणि मांडवाची न सुटलेलीच दोरी बांधत बसला. आमच्या पातेल्यातला भात सगळा मांडव खात होता.

पंगत उठेपर्यंत आत्याबाई कोऱ्या पानापुढे बसून राहिल्या. मग उठल्या, इतरांसारखंच पान दुमडून टोपलीत टाकलं आणि घरी येऊन सकाळची भाकरी खाल्ली. मी रागाने रडत होते. त्या म्हणाल्या, "रडू नको. माझं एक जेवण त्याच्याकडे राहिलंय. देईल."

"देतोय तो!" मी म्हटलं.

भांडी आली ती लख्ख घासून, पण कोंडाजी स्वतः आला नाही. पुढे बारा वर्षं तो समोरून दिसला की रस्ता बदलायचा. आत्याबाई मात्र हाक मारायच्या, "कोंडाजी, बरं आहे ना?" तो पुटपुटायचा आणि सटकायचा. मी म्हणायचे, कशाला बोलता त्या माणसाशी? त्या म्हणायच्या, "जेवण राहिलंय ना माझं." दरवेळी हेच. ऐकून ऐकून माझे कान किटले.

ते जेवण राहूनच गेलं. शहाण्णव साली आत्याबाई गेल्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या अंगणात वंदना झाली, त्यांच्याच पातेल्यांत भात शिजला आणि पंगत बसली. अर्धं शिरगाव आलं होतं. मी भाताची परात घेऊन वाढत निघाले. शेवटच्या पानाशी पोचले आणि पाय थबकले. कोंडाजी! काठी बाजूला ठेवून, गुडघे कसेबसे मोडून बसलेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

खरं सांगते, हात आखडला माझा. वळावं आणि पुढे जावं, त्याच्या वाढप्यांसारखं. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. बारा वर्षांचा राग होता तो, थोडाथोडका नव्हता.

कोंडाजीने मान वर केली. डोळे भरलेले. "नको वाढू, वेणू," तो हळूच म्हणाला. "मोकळंच राहू दे माझं पान. तिला कसं लागलं, मला कळू दे."

अगं बाई गं! माझा राग दुप्पट झाला, पण आता कुणावर तेच कळेना.

"काका," मी म्हटलं, "ते तुमच्या घरी चालत असेल. या घरातून कोरं पान घेऊन कुणी उठत नाही. आत्याबाईंना काय तोंड दाखवू मी?" आणि वाढला भात, चांगला दोन मुठी जास्तच. "आता पान संपल्याशिवाय उठायचं नाही."

तो जेवला. रडत रडत, नाक पुसत, सगळं संपवलं. मग पान जरासं पुढे सरकवून म्हणाला, "अजून थोडा वाढ."

मी वाढला. मग परात दुसऱ्या बाईच्या हातात दिली, पडवीत त्या रिकाम्या पिंपांमागे जाऊन बसले आणि आत्याबाई गेल्या त्या दिवशी रडले नव्हते इतकी रडले.