परक्या गाडीचा कल

सुतार ज्या लोखंडी पट्टीने काटकोन तपासतो, तिला गुण्या म्हणतात. चष्म्याच्या त्या छोट्या दुकानाच्या मालकाला शाळेतच कुणीतरी हे नाव ठेवलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते सुटलं नव्हतं, फक्त वयाचा मान म्हणून मागे ‘भाऊ’ लागलं होतं.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. गुण्याभाऊंना वाकडं दिसलं की चैन पडत नसे. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचे, मग पाण्याला हात लावायचे. एकदा तर बसमध्ये समोरच्या अनोळखी माणसाच्या नाकावरचा चष्मा त्यांनी हात लांबवून नीट बसवला होता. तो माणूस बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. धंद्यात मात्र ही खोड सोन्यासारखी होती. अंगाखाली सापडून जिलबी झालेली फ्रेम त्यांच्याकडे द्यावी, अर्ध्या तासात ती अशी सरळ व्हायची की चष्मा घातलाय हे माणूस विसरून जायचा.

पण खोड ती खोडच. मागच्या वर्षी पोस्टासमोर कुणाची तरी स्कूटर कलली होती. गुण्याभाऊ ती सावरायला गेले आणि नेमका मालक टपकला. “चोर! चोर!” चार माणसं जमली, दोघांनी कॉलर धरली, आणि सरळ माणूस दोन तास पोलीस चौकीच्या बाकावर जाऊन बसला. शेवटी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, येऊन त्यांना सोडवून घेऊन गेल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “परक्याच्या गाडीला आजपासून हात लावायचा नाही. पडली तर पडू दे. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.”

त्यांनी ती शपथ वर्षभर पाळली. पाळताना जीव किती कासावीस झाला, ते त्यांचं त्यांना माहीत.

त्या दुपारी ऊन नुसती आग ओकत होतं. समोरच्या रस्त्यावर आठवड्यापूर्वीच नवं डांबर पडलं होतं आणि ते चपलांना चिकटत होतं. दोनच्या सुमाराला एक मोटरसायकल भर्रकन आली आणि समोरच्या इमारतीच्या दाराशी थांबली. हेल्मेट घातलेलं कुणीतरी उडी मारून उतरलं, पायाने बाजूचा स्टँड पाडला, हँडल लॉक केलं आणि एक पिशवी काखोटीला मारून धडाधड जिना चढून गेलं. मागच्या कॅरियरवर रबरी दोऱ्यांनी बांधलेली एक पांढरी पेटी तशीच राहिली.

गुण्याभाऊ चिमट्यात बारीक स्क्रू धरून बसले होते. त्यांनी मान वर केली.

“कलतेय,” ते म्हणाले.

“काय?” वहिनी गल्ल्यामागे चष्म्यांची घरं पुसत होत्या.

“गाडी. स्टँड डांबरात रुततोय.”

“कुणाची आहे?”

“काय माहीत.”

“मग रुतू दे.”

गुण्याभाऊंनी स्क्रूकडे बघितलं. स्क्रू काही त्यांना दिसेना. त्यांनी परत वर बघितलं. बोटभर आणखी. एवढा फरक दुसऱ्या कुणाच्या नजरेला आला नसता, त्यांच्या मात्र काळजात गेला.

“बघू नका तिकडे,” वहिनी म्हणाल्या.

“नाही बघत.” आणि ते उठून दारात गेले. “ओ! कुणाची गाडी आहे हो? ओ, गाडीवाले!” इमारत तीन मजली, सगळ्या खिडक्या उन्हामुळे बंद. कुणी डोकावलं नाही. वर जाऊन दारं ठोठावायची म्हटलं तर तेवढ्यात खेळ खलास.

तेवढ्यात पाण्याचा टँकर धडधडत गेला. जमीन हादरली. गाडीने एक गचका खाल्ला आणि कॅरियरवरची पेटी वळून त्यांच्याकडे झाली. तिच्यावर ठसठशीत अक्षरं होती: ही बाजू वर. शेजारी लाल बाण. बाण वर बघायचा सोडून दुकानाच्या पायरीकडे बघत होता.

संपलं. गुण्याभाऊ सुटले ते धनुष्यातून बाण सुटावा तसे, आणि तेही अनवाणी, कारण चपला आत टेबलाखाली होत्या. चार ढांगांत पलीकडे पोचले, हँडलखाली खांदा घातला आणि सीटला दोन्ही हातांनी रेटलं. गाडी थांबली. अगदी ऐन वेळेला थांबली!

आनंद दोनच क्षण टिकला. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी आपल्यापेक्षा तिप्पट वजनाची आहे, हँडल लॉक असल्याने ती ढकलताही येत नाही, आणि खालचं डांबर तव्यासारखं तापलंय. ते एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर नाचायला लागले.

एक गृहस्थ छत्री धरून चालले होते. ते थांबले. “तुमची आहे का?”

“नाही.”

“मग धरून का उभे राहिलात?”

“सोडली तर पडेल.”

“पण तुमची नाही ना?”

“नाही हो! जरा स्टँडखाली काहीतरी घाला ना!”

“छे बाबा, नंतर माझ्या गळ्यात यायचं,” असं म्हणत गृहस्थ पाच पावलं मागे सरले आणि सावलीत उभे राहून मजा बघायला लागले.

वहिनी उंबऱ्यात आल्या होत्या. “अहो! शपथ!”

“शपथ राहू दे गं! पाय भाजतायत!”

वहिनींनी क्षणभर कपाळाला हात लावला. मग त्या आत वळल्या आणि धाडकन आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात नवऱ्याच्या चपला होत्या आणि दुसऱ्या हातात भिंतीवरून खिळ्यासकट उपटलेली जाड फळी.

“अगं, तो नंबर तपासायचा तक्ता आहे!”

“असू दे. अक्षरं कुठे जात नाहीत. रेटा तिकडे!”

गुण्याभाऊंनी दात-ओठ खाऊन रेटलं. वहिनी पदर खोचून खाली बसल्या, डांबरातून स्टँड ओढून काढला आणि खाली फळी सरकवली. “सोडा. हळू. हळूहळू...” गाडी फळीवर टेकली. उभी राहिली. चांगली ताठ!

एवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. घामाने निथळलेल्या एका बाईने डोकं बाहेर काढलं. हेल्मेटमुळे तिचे केस अजून चप्प बसलेले होते. “ओ भाऊ! ती पेटी वर आणा! मी नर्स आहे, बाळ येतंय, मला हलता येत नाही! आत काचेच्या बाटल्या आहेत, आडवी करू नका!”

आडवी! हे कुणाला सांगताय? वहिनींनी रबरी दोऱ्या सोडल्या. गुण्याभाऊंनी पेटी उचलली आणि काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी ती छातीशी धरून, एकही पायरी न चुकवता, तरी पळतच, दोन मजले चढले. दारात उभी असलेली बाळंतिणीची म्हातारी सासू “इकडे, इकडे” एवढंच म्हणत होती. नर्सने झाकण उघडलं, बाटल्यांवरून बोट फिरवलं आणि दार लावून घेतलं.

दोघं नवरा-बायको जिन्यातच उभे राहिले. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, पण पाय निघत नव्हते. वहिनींनी नवऱ्याचं मनगट असं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या. मग आतून एक टॅहँ आला, मोठा, रागावलेला. वहिनी हसायलाच लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. कितीतरी वेळाने दार उघडून सासू धावत बाहेर आली, “मुलगी! दोघी सुखरूप!” म्हणाली आणि कोण कुठल्या याची चौकशी न करता तिने वहिनींना मिठी मारली.

तासाभराने रुग्णवाहिका मायलेकींना घेऊन गेली आणि नर्स खाली आली. गुण्याभाऊ लगबगीने पुढे झाले. “मी आधीच सांगतो ताई, गाडीला हात लावला होता. पण मी पाडत नव्हतो, धरत होतो.”

नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली. “बाळ झाल्यावर आईचं रक्त थांबेना,” ती म्हणाली. “औषध त्या पेटीत होतं. घाईत मी पेटी खालीच विसरले. गाडी पडली असती ना, तर...” तिने त्यांचे दोन्ही हात धरले, एकदा वहिनींचेही धरले, आणि किक मारून निघून गेली. तिला पुढे अजून एक घर होतं.

दुकानात परत आल्यावर गुण्याभाऊ कामाला बसले खरे, पण स्क्रू तीनदा खाली पडला. तिकडे वहिनी फोनवर बहिणीला सगळं सांगत होत्या, आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जात होता. “अगं, हे नुसते बघत बसले होते! मीच म्हटलं, अहो बघताय काय, पळा!”

गुण्याभाऊंनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक वाकडी गोष्ट त्यांनी आपखुशीने सरळ केली नाही. चिमटा खाली ठेवला, दिवा मालवला आणि म्हणाले, “चल, आज लवकर बंद करू. फोन घरी जाऊन पुरा कर.”